‘स्लो डाऊन कर’ म्हणजे नक्की काय करू, डॉक्टर?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ३७, राहायला डोंबिवली, ऑफिस बीकेसीला. सकाळी पावणेआठची फास्ट, कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा, रात्री घरी पोचायला साडेआठ-नऊ आणि जेवण झालं की परत लॅपटॉप. ऑफिसातल्या हेल्थ कॅम्पमधे बीपी १४८/९६ आलं, आठवड्याने फॅमिली डॉक्टरांकडे १४२/९२. मधेच छातीत धडधडतं पण ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल. झोप जेमतेम पाच तास. डॉक्टर म्हणतात लाईफस्टाईल बदला, बायको म्हणते जरा स्लो डाऊन कर, आणि तुम्ही विचारताय की स्लो डाऊन म्हणजे नक्की काय करायचं, गोळी सुरू करू का, की नोकरी सोडून सरळ चिपळूणला गावी जाऊ?

मी डोंबिवलीतच २६ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतेय, तुमच्यासारखे निदान दोन-तीन जण रोज माझ्यासमोर बसतात त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, सवडीने वाचा.

नोकरी सोडू नका, निदान या दोन रीडिंगवरून तरी नाही. आधी मला सांगा की कॅम्पमधे बीपी कसं मोजलं होतं? माझा अंदाज असा की मीटिंगमधून उठून गेलात, रांगेत उभे होतात, हातात कॉफी होती, नंबर आल्यावर खुर्चीत टेकलात, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधला आणि यंत्र चालू असताना तुम्ही कुणाशी तरी बोलत होतात. असं मोजलेलं बीपी हे बीपी नसतं, ती तुमच्या धावपळीची मोजणी असते. नियम असा आहे की अर्धा तास आधी चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम काही नको, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय टाकायचा नाही, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर टेकवलेला, बोलायचं नाही, आणि मोजायच्या आधी पाच मिनिटं नुसतं शांत बसायचं. पट्टाही दंडाला बसेल असा हवा, जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर आकडा उगाच वर येतो. मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं.

यातली बाकी सगळी कामं लोक बिनतक्रार करतात, अडतं ते पाच मिनिटं बसण्यापाशी.

माझ्या दवाखान्यात पडद्यामागे एक पाठीची लाकडी खुर्ची आहे. बीपीच्या पेशंटला मी तिथे बसवते आणि मोबाईल बाहेर काउंटरवर ठेवायला सांगते. सुरुवातीला मोबाईल ठेवायला सांगत नव्हते, पण आकडे नीट येईनात, बघितलं तर पाच मिनिटं लोक मेसेजला उत्तरं देत बसलेले. आता काय होतं ते मी इतक्या वेळा पाहिलंय की मला पाठ झालंय. पहिल्या मिनिटात हात खिशाकडे जातो, खिसा रिकामा, मग परत मांडीवर. दुसऱ्या मिनिटात गुडघा हलायला लागतो. कुणी पडदा बाजूला करून विचारतं, मॅडम झालं का. तिसऱ्या मिनिटाला काही जण अक्षरशः अस्वस्थ होतात, भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता दोन-दोनदा वाचतात. आणि मग चौथ्याच्या आसपास कधीतरी खांदे खाली येतात. हे बाहेरून दिसतं हो, कानाजवळ चढून बसलेले खांदे दोन बोटं खाली उतरतात, एखादा मोठा श्वास सुटतो. तेव्हा मोजलं की वरचा आकडा आल्या-आल्या मोजलेल्यापेक्षा कधी ८ ने, कधी १२ ने कमी असतो. सगळ्यांचा नाही, पण बऱ्याच जणांचा. एक गृहस्थ आठ वर्षं माझ्याकडे येतायत, पहिल्यांदा त्या खुर्चीत बसवलं तेव्हा बाहेर येऊन मला म्हणाले, मॅडम तुमच्या पंख्याचा आवाज येतोय, नवीन बसवलात का. पंखा तोच आहे, पहिल्या दिवसापासूनचा.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या खुर्चीतच सापडलंय असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी थोडं शरीरशास्त्र सांगते.

बीपीचे दोन आकडे असतात. वरचा म्हणजे हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हाचा दाब. खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडलेलं असतं तेव्हाचा दाब. मिनिटाला साधारण ७० ठोके धरले तर एका ठोक्याचा वेळ पाऊण सेकंदापेक्षा थोडा जास्त, आणि त्यातला मोठा वाटा काम करण्याचा नसून सैल पडण्याचा असतो. आता महत्त्वाची गोष्ट. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला, विशेषतः डाव्या कप्प्याच्या स्नायूला, रक्त मुख्यतः मिळतं ते या सैल पडलेल्या क्षणात. आकुंचन पावताना स्नायू इतका आवळला जातो की त्याच्या आतल्या रक्तवाहिन्याच दाबल्या जातात. म्हणजे हृदय जेवतं कधी, तर थांबतं तेव्हा. आणि ठोके वाढले की कामाचा वेळ फारसा कमी होत नाही, कमी होतो तो मधला सैल वेळ.

घाबरू नका, तुमचं इको नॉर्मल आहे, तुमच्या हृदयाला रक्त कमी पडतंय असं मी म्हणत नाहीये. पण शरीराची रचनाच अशी आहे हे लक्षात यावं म्हणून सांगितलं. ताणाचंही तसंच. अंगावर कुत्रा आला की ॲड्रिनलिन वाढतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तात साखर येते, आणि ते बरोबरच आहे, त्याच्यावरच तर माणूस पळतो. कुत्रा गेला की थोड्या वेळात सगळं खाली यायला हवं. तुमच्या बाबतीत होतंय असं की पहिला कुत्रा जायच्या आत दुसरा येतोय. गाडी चुकेल का, मग गर्दीत आत शिरता येईल का, मग तेवढ्यात मॅनेजरचा मेसेज, मग रिक्षाची रांग, मग स्टँडअप मीटिंग. यातलं एकेक काहीच मोठं नाहीये. पण दोहोंच्या मधे खाली यायला जागाच उरत नाही.

आपल्याकडे याला फार चांगला शब्द आहे, उसंत. आमची आजी म्हणायची, जिवाला उसंत म्हणून नाही. लोक मला विचारतात की आमच्या वडिलांनीही ३५ वर्षं हीच लोकल केली, त्यांना कुठे काय झालं? (झालं होतं, पुष्कळांना झालं होतं, फक्त तेव्हा कुणी मोजत नव्हतं, हेही खरं.) पण एक फरक मला दिसतो. त्यांच्या दिवसात धावपळ भरपूर होती, पण मधे मधे भोकं होती. गाडी उशिरा आहे म्हणून प्लॅटफॉर्मवर नुसतं उभं राहणं, बँकेत टोकन घेऊन बाकावर बसणं, दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी थांबणं, दुपारी दिवे गेले म्हणून बाल्कनीत येणं. त्या वेळी त्याचा सगळ्यांना वैतागच यायचा. पण दिवसातून पंधरा-वीस वेळा शरीर खाली येत होतं, कुणी न सांगता. आपण ती सगळी भोकं मोबाईलने बुजवली. लिफ्टमधले चाळीस सेकंदसुद्धा सोडले नाहीत.

मागच्या महिन्यात एक तिशीतला मुलगा आला होता, तक्रार तुमचीच, धडधड. माझ्यासमोर बसलेला असताना आईची व्हॉइस नोट आली, म्हणाला एक मिनिट मॅडम, गावाहून आहे, आणि कानाला लावून दुप्पट स्पीडवर ऐकली. मला पलीकडून ऐकू येत होतं, बाई काहीतरी आंब्यांबद्दल सांगत होत्या, चिमणीसारखा आवाज. मी विचारलं की आईची पण टू एक्सवर? तर म्हणाला सवय झालीय, नॉर्मल स्पीडवर आता ऐकवत नाही, झोप येते. त्या मुलाला मी त्या दिवशी औषध दिलं नाही, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन करून घेतलं आणि सांगितलं की आईच्या नोट्स तेवढ्या साध्या स्पीडवर ऐक, ते तुझं औषध. तो हसला पण मी गंमत करत नव्हते.

आता नक्की काय करायचं ते. मी तुम्हाला ध्यानशिबिराला जा असं सांगणार नाही, तुम्हाला वेळ नाही आणि जे चालेल तेच सांगण्यात अर्थ आहे.

सगळ्यात आधी झोप. पाच तासांवर बाकी काहीच टिकणार नाही. मोठ्या माणसाला निदान सात तास लागतात, आणि झोपेत बीपी आपसूक खाली येतं, ही शरीराची रोजची मोठी सुट्टी आहे जी तुम्ही रोज दोन तासांनी कापताय. रात्री साडेदहाला लॅपटॉप बंद, फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, गजरासाठी दीडशे-दोनशे रुपयांचं साधं घड्याळ आणा. आणि बायकोला एक विचारा, मी घोरतो का, घोरताना मधेच श्वास अडकल्यासारखा होतो का. हो म्हणाल्या तर स्लीप स्टडी करून घ्या, कारण स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याचा आजार, असेल तर मी सांगितलेलं काहीही केलंत तरी बीपी हट्टाने वरच राहील.

मग गाडी. एक गाडी सोडायला शिका. मला माहितीये डोंबिवलीत सकाळी गाडी सोडणं म्हणजे काय असतं ते, तरीही सांगते. मुंबईच्या लोकलमार्गांवर दरवर्षी दोन हजारांपेक्षा जास्त माणसं जिवानिशी जातात, त्यातली बरीचशी रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून. कोपर-दिवा पट्ट्यात दारातून पडलेल्या मुलांच्या घरी मी स्वतः गेलेय, तीन मिनिटं वाचवायला गेलेली मुलं होती ती. दहा मिनिटं आधी निघा, जिन्यावरून धावू नका, आणि प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना फोन खिशात ठेवा. फक्त तेवढाच वेळ. ट्रेनमधे चढल्यावर गाणी ऐका, काय हवं ते करा. पण वाट बघण्याचा वेळ हा वाट बघण्याचाच राहू द्या.

जेवण. तुम्ही लिहिलंय की डबा लॅपटॉपसमोर सात-आठ मिनिटांत संपतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात, त्यामुळे भराभर खाणारा माणूस जास्त खातो आणि चारला परत वडापाव शोधतो. घरी पूर्वी पानं मांडून झाल्यावर सगळे येईपर्यंत थांबायचो, श्लोक म्हणायचो, मग पहिला घास. देवाधर्माचा भाग बाजूला ठेवा हवं तर, पण धावत आलेला माणूस जेवायच्या आधी मिनिटभर थांबत होता. तेवढंच करा, डबा उघडा, स्क्रीन मिटा, मिनिटभर थांबा. आणि मीठ मोजा हो. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, त्यात लोणचं, पापड, फरसाण, पाव, सॉस सगळं धरून. घाईचं खाणं हे नेहमी खारट खाणं असतं.

रात्री जेवून लगेच लॅपटॉप न उघडता शतपावली. सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं, बायकोबरोबर किंवा एकटे, फोन घरी ठेवून. शब्दच बघा ना, शंभर पावलं, कुणी दहा हजार म्हटलं नव्हतं.

आणि श्वास. निवांत बसलेला माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ते मुद्दाम सहापर्यंत आणायचे, चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, जोर न लावता, नाकाने, दहा मिनिटं. श्वास सोडताना ठोके मंदावतात, व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला लगाम लावतो, आणि हळू श्वासाने हा लगाम जरा घट्ट होतो. याने बीपी थोडंसं कमी होतं, थोडंसंच, गोळीची जागा ते घेत नाही हे स्पष्ट सांगते कारण यावर फार मोठमोठे दावे चालतात. पण धडधडीला याचा छान उपयोग होतो, आणि ट्रेनमधे उभ्यानेही जमतं.

एवढं सांगितल्यावर एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवत नाही. हे सगळं तुमच्या एकट्याच्या हातात नाहीये. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मधे मिळून जे मांडलं त्यात आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५-४० तासवाल्यांच्या तुलनेत, स्ट्रोकचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्के जास्त दिसला. तुमचे तास मोजा, रात्रीचा लॅपटॉप धरून. रात्री अकराला आलेल्या मेसेजला अकरा पाचला उत्तर देणारा माणूस जबाबदार ठरतो आणि सकाळी देणारा ढिला ठरतो ही ऑफिसांची रीत चुकीचीच आहे, आणि याच्यावर पेशंटला श्वासाचे व्यायाम सांगून सोडून देणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. मॅनेजरशी बोला. रात्री दहानंतर अगदी अर्जंट असेल तर फोन करा, मेसेज मी सकाळी बघेन, एवढंच वाक्य. माझ्या पेशंटपैकी ज्यांनी धीर करून हे सांगितलं त्यातल्या बहुतेकांचं काहीच बिघडलं नाही, एक-दोघांना त्रास झाला हेही सांगते.

दुसरं, तुमच्या बायको. त्या नोकरी करतात का ते तुम्ही लिहिलं नाहीये. माझ्याकडे येणाऱ्या बायका साडेचारला उठतात, दोन डबे भरतात, लेडीज डब्यात बसून येताना भाजी निवडतात, मटार सोलतात, घरी येऊन कुकर लावतात. त्यांना कुणी स्लो डाऊन करा म्हटलं की त्या नुसत्या बघतात माझ्याकडे, एक जण तर रडायला लागल्या होत्या, म्हणाल्या मी हळू झाले तर घर थांबेल. तेव्हा तुम्ही दहा मिनिटं श्वास घेताय त्या वेळी ओटा कोण आवरतंय ते बघा. तुमची उसंत त्यांच्या वाट्याच्या कामातून काढलेली असेल तर वर्षभराने त्या माझ्या खुर्चीत असतील. शतपावलीला जायच्या आधी दोघांनी मिळून भांडी घासा, मग दोघं जा.

गावी जाण्याचं. चार दिवस जा ना, जरूर जा. पण गावाला जाऊन बीपी कायमचं सुटलं असं मी क्वचितच पाहिलंय. गणपतीत कोकणात जाऊन आलेले पेशंट छान आकडे घेऊन येतात आणि पंधरा दिवसांत परत पहिल्यासारखे. शिवाय बरेच जण तिथेही तसंच जगतात, तीन दिवसांत गणपतीपुळे, मार्लेश्वर, डेरवण, परतीच्या वाटेवर अजून दोन देवळं, आणि घरी येऊन दमलो म्हणून झोपतात. चिपळूणला गेलात तर एक दुपार पडवीत वामकुक्षी करा, पाऊस बघा, कुठे जाऊ नका.

आता गोळी. मोजमाप नीट करूनही आकडे वरच राहिले आणि तुमच्या डॉक्टरांनी गोळी सुरू करा म्हटलं तर घ्या. आधी मी स्लो डाऊन करून बघतो म्हणत दोन-दोन वर्षं काढलेले लोक मी पाहिलेत, किडनीवर परिणाम घेऊन आलेले. गोळी घेणं म्हणजे हार नव्हे. आणि हो, बीपी वाढवणाऱ्या काही गोष्टी लोक सांगायला विसरतात: रोजच्या पेनकिलर, सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, जिमची पावडर, एनर्जी ड्रिंक. यातलं काही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. थायरॉईड, क्रिएटिनिन (किडनीसाठी), शुगर, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), लघवीची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. आणि कधी १८०/१२० च्या वर गेलं, किंवा छातीत दुखलं, दम लागला, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं तर वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. सावकाशीचा सल्ला तिथे लागू नाही.

या रविवारपासून एवढं करा. दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. सात दिवस, सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, आणि रात्री झोपायच्या आधी, प्रत्येक वेळी दोनदा मोजा आणि लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकी सहा दिवसांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर तुम्हाला खरंच बीपी आहे असं धरून डॉक्टर पुढचं ठरवतील, खाली आली तर तुमचे आधीचे दोन आकडे बरेचसे घाईचे होते. ॲपमधे नका लिहू, कागदाची वही घ्या, नाहीतर आकडा टाकायला फोन उघडाल आणि दुसऱ्या रीडिंगच्या आत चार मेसेज वाचून होतील. आणि प्रत्येक वेळी यंत्र लावायच्या आधी ती पाच मिनिटं. सकाळची पाच, रात्रीची पाच. त्या वेळात घरात कुठला आवाज ऐकू आला तेही आकड्याशेजारी लिहून ठेवलंत तर चालेल, मी माझ्या पेशंटना लिहायला सांगते.